कागदी चलनाचा संग्रह आणि प्रतवारी: नोट पारखण्याची पद्धत

एकाच देशाच्या, एकाच वर्षाच्या, एकाच मूल्याच्या आणि एकाच सहीच्या दोन नोटा शेजारी ठेवल्या, तर त्यांच्या बाजारभावात कित्येक पटींचे अंतर असू शकते आणि ते बहुतेक वेळा केवळ कागदाच्या स्थितीमुळे पडलेले असते. नाणे झिजले तरी त्याचा धातू शिल्लक राहतो. कागद मात्र प्रत्येक घडीने, प्रत्येक घामेजल्या बोटाने आणि दमट हवेच्या प्रत्येक फेऱ्याने थोडा थोडा बदलत जातो आणि हा बदल पुन्हा मागे नेता येत नाही. म्हणून या छंदात उतरणाऱ्याने सर्वांत आधी कागद वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. नोट दुर्मीळ आहे की नाही हे सूचीत पाहून कळते, परंतु तिची प्रत, म्हणजे स्थितीचा दर्जा, मात्र स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनीच ठरवावी लागते. ज्याला ते जमत नाही, तो कायम विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजत राहतो.

संग्रहाची दिशा ठरवणे

कागदी चलनाचा पसारा प्रचंड आहे. चीनमधील सिचुआन प्रांतात ११व्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारने स्वतः कागदी चलन काढले. मिंग राजवटीत १३७५ साली तुतीच्या सालीच्या कागदावर छापलेली नोट सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद होती. युरोपात पहिल्या बँकनोटा १६६१ साली स्टॉकहोममध्ये निघाल्या. त्या काळी स्वीडनमध्ये तांब्याचे अवजड पत्रे चलन म्हणून वापरात होते आणि त्यांतला सर्वांत मोठा पत्रा जवळजवळ वीस किलो वजनाचा होता, हे लक्षात घेतले की कागदाची गरज का भासली ते वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हापासून आजपर्यंत निघालेले सगळे जमवणे कोणालाच शक्य नाही, म्हणून पहिली पायरी म्हणजे आपले क्षेत्र आखून घेणे.

एका देशाचा एखादा कालखंड, एखादे मूल्य, चित्रांचा एखादा विषय, वेढ्यात किंवा युद्धात निघालेले तात्पुरते चलन, छपाईतल्या चुका, विशेष अनुक्रमांक यांपैकी काहीही निवडता येते. नवशिक्याला मी महागाईच्या काळातील नोटांपासून सुरुवात करायला सांगेन. जर्मनीत १९२२ आणि १९२३ साली मध्यवर्ती बँकेने अनेक खासगी छापखान्यांकडून घाईघाईने नोटा छापून घेतल्या आणि त्यांतल्या कित्येक एकाच बाजूने छापलेल्या आहेत. त्या मुबलक आहेत, खरोखर वापरल्या गेलेल्या आहेत आणि त्यामुळे सर्व प्रतींमध्ये सापडतात. त्याच देशातील गावोगावच्या नगरपालिकांनी काढलेले चित्रमय आपत्कालीन चलन दिसायला अधिक सुंदर आहे. परंतु १९२०च्या सुमारास निघालेल्या त्यातल्या पुष्कळ मालिका संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेल्या असल्याने बहुतेक कोऱ्याच मिळतात, आणि कोऱ्या नोटा पाहून प्रतवारी शिकता येत नाही. हंगेरीने १९४६ साली चलनात आणलेली सर्वांत मोठ्या मूल्याची नोट एकावर वीस शून्ये इतक्या पेंगोंची होती. झिम्बाब्वेची २००९ साली बाहेर आलेली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट तर आजही संग्राहकांच्या बोलण्यात सतत येते. अशा प्रसिद्ध नोटांच्या नकलाही भरपूर फिरतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

क्षेत्र निवडताना एवढेच पाहावे की ते पुरे करण्याची काही शक्यता आहे का. अमुक देशाच्या सर्व नोटा, या संकल्पापेक्षा अमुक देशाच्या एका मूल्याच्या नोटांवरील सर्व सह्या हा संकल्प अधिक शिकवतो, कारण त्यात बारीक भेद पाहायची सवय लागते.

नोट ओळखणे

प्रत ठरवण्याआधी नोट नेमकी कोणती आहे हे ठरले पाहिजे. देश, नोट काढणारी संस्था, मूल्य, छापलेली तारीख, सही किंवा सह्या, अनुक्रमांकाची अक्षरे, जलचिन्ह आणि छापखान्याचे नाव या गोष्टी क्रमाने पाहाव्यात. जर्मन सूचीकार आल्बर्ट पिक यांनी रूढ केलेले क्रमांक जगभर वापरले जातात. देशाचे नाव आणि पिक क्रमांक सांगितला की नोटेचा मूळ प्रकार निश्चित होतो आणि त्यापुढील लहान अक्षर सही, तारीख किंवा अन्य उपप्रकार दाखवते. किमतीतला मोठा फरक पुष्कळदा या शेवटच्या अक्षरातच दडलेला असतो.

याचे उत्तम उदाहरण कॅनडाच्या १९५४ सालच्या मालिकेचे आहे. त्या नोटांवरील राणीच्या केसांच्या छायेत काहींना सैतानाचा चेहरा दिसू लागला, तक्रारी झाल्या आणि १९५६ साली छपाईच्या पाट्यांमध्ये दुरुस्ती करून केसांचा तो भाग गडद करण्यात आला. दोन्ही प्रकारांवर साल १९५४च आहे. ज्याने केसांकडे भिंगातून पाहिले नाही, त्याला दोन्ही सारख्याच वाटतात.

छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी घातल्या जाणाऱ्या बदली नोटाही अशाच असतात. अमेरिकेत १९१० सालापासून त्यांच्या अनुक्रमांकात तारा छापला जातो. अन्य देश विशेष अक्षरे वापरतात. आपल्या क्षेत्रातील बदली नोटांची खूण कोणती हे पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाकावे.

साधने आणि जागा

लागणारी साधने फारशी नाहीत, पण ती हाताशी नसतील तर तपासणी अर्धवट होते. पाचपट आणि दहापट मोठे दाखवणारी दोन भिंगे, मान वळवता येणारा टेबलदिवा, खालून प्रकाश देणारी सपाट पाटी, अतिनील प्रकाशाचा लहान दिवा, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि एक मोठा काळा कागद एवढे पुरे. टेबल कोरडे आणि मोकळे असावे. जवळपास पाणी, चहा किंवा शाईचे पेन नसावे.

हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत आणि नोट नेहमी समोरासमोरच्या दोन कडांनी उचलावी. सुती हातमोज्यांची शिफारस अनेकजण करतात, पण मला ती पटत नाही. त्यांच्या धाग्यात नोटेची फाटकी कड अडकते आणि बोटांना कागदाची जाडी, ताठरपणा आणि छपाईचा उंचवटा कळेनासा होतो. स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात. घाम फार येत असेल तर नाइट्राइलचे घट्ट हातमोजे वापरावेत.

आधी घडी ओळखायला शिका

सारी प्रतवारी घड्यांच्या आकलनावर उभी आहे, म्हणून येथे घाई करू नये. चलनी नोटेचा कागद साध्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. त्यात कापसाचे, काही देशांत जवसाच्या झाडापासून मिळणाऱ्या लिननचेही, लांब तंतू असतात. अमेरिकी नोटेत कापूस ७५ टक्के आणि लिनन २५ टक्के असते. हे तंतू एकमेकांत अडकलेले असतात आणि वरून दिलेली खळ त्यांना ताठ ठेवते. नवी नोट करकर वाजते ती यामुळेच.

नोट किंचित वाकवली आणि सोडली तर तंतू पूर्ववत होतात आणि कागदावर फक्त मंद लाट राहते. तिला वाक म्हणू. नोट दुमडून हलकेच दाबली तर सरळ रेघ उमटते, पण पृष्ठभाग अखंड राहतो. ही हलकी घडी होय. दुमडलेल्या जागी नख फिरवले किंवा ती पाकिटात दाबली गेली, तर वरचे तंतू तुटतात, शाई भेगाळते आणि भिंगातून पांढरी रेघ दिसते. ही पक्की घडी. एका हलक्या घडीने नोट एक पायरी खाली येते, पक्क्या घडीने त्याहून अधिक.

यासाठी एक सराव सुचवतो. रोजच्या वापरातली सर्वांत कमी मूल्याची, शक्य तितकी नवी कागदी नोट घ्या. दिव्याचा प्रकाश जवळजवळ टेबलाला समांतर येईल असा ठेवा. नोट प्रथम नुसती वाकवा आणि पाहा. मग एक हलकी उभी घडी घाला, उघडा, दोन्ही बाजूंनी पाहा. त्याच घडीवर नख फिरवा आणि पुन्हा पाहा. शेवटी कोपरा दुमडून उलगडा. प्रत्येक टप्प्यावर समोरून पडणाऱ्या प्रकाशात काय दिसते आणि तिरप्या प्रकाशात काय दिसते, याची तुलना करा. समोरच्या प्रकाशात पूर्णपणे लपलेली घडी तिरप्या प्रकाशात ठळक सावली टाकते, हे एकदा पाहिल्यावर तुम्ही पुन्हा कधीच एका दिव्याखाली नोट पाहून निर्णय देणार नाही.

तपासणीचा क्रम

पहिले काम अस्सलपणाची खात्री करण्याचे. जलचिन्ह हे कागद ओला असतानाच त्याची जाडी कमीजास्त करून घडवलेले असते, म्हणून प्रकाशासमोर धरल्यावर त्यात छटांचे हळुवार चढउतार दिसतात. नकली जलचिन्ह पृष्ठभागावर छापलेले असल्याने त्याच्या कडा कठोर दिसतात आणि ते प्रकाशाविनाही नजरेला येते. मुख्य चित्र खोदीव पाटीवरून प्रचंड दाबाने छापलेले असेल, तर शाईचा उंचवटा बोटाला लागतो आणि मागील बाजूला त्याच ठिकाणी किंचित खोलगटपणा दिसतो. भिंगातून त्या रेषा अखंड आणि धारदार असतात. ठिपक्यांची जाळी दिसली तर नक्कल समजावी. अतिनील प्रकाशात चलनाचा कागद मंद राहतो, तर साधा कागद त्यातल्या शुभ्रकांमुळे निळसर चमकतो. फार जुन्या नोटांना यांतल्या काही कसोट्या लागू होत नाहीत, कारण त्या काळी ती तंत्रेच नव्हती. तेथे ज्ञात अस्सल नोटेशी तुलना करण्याला पर्याय नाही.

त्यानंतर नोट काळ्या कागदावर ठेवून कोपरे पाहावेत. काळ्या पार्श्वभूमीवर कोपऱ्याची गोलाई आणि कडेची बारीक खाच लगेच उठून दिसते. चारही कोपरे वेगवेगळे पाहा. तीन टोकदार आणि एकच बोथट असेल तर तेथे घडी शोधा. मग पट्टीने लांबी आणि रुंदी मोजून ती सूचीत दिलेल्या मापाशी ताडून पाहावी. कडा छाटून गोल कोपरे टोकदार केलेली नोट येथेच पकडली जाते. कोपरे धारदार, पण मध्यभाग वापरलेला आणि मऊ, अशी विसंगती दिसली तर माप न चुकता घ्यावे.

आता तिरपा प्रकाश. दिवा डावीकडून, मग वरून, मग नोट पालटून पुन्हा दोन्हीकडून. उभी घडी उभ्या दिशेने येणाऱ्या प्रकाशात हरवते, म्हणून दोन दिशा अनिवार्य आहेत. मध्यघडी, पाव-घड्या, आडवी घडी आणि कोपऱ्यांवरील घड्या मोजून टिपून घ्याव्यात. बँकेत गड्डी मोजताना बोटाने पडलेला कोपऱ्याजवळचा बारीक वाक वेगळा नोंदवावा.

पुढे नोट खालून प्रकाश देणाऱ्या पाटीवर ठेवावी. टाचणीची छिद्रे, स्टेपलच्या जोडखुणा, घड्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे पडलेले भोक, कडेकडून आत आलेली चीर आणि चिकटवून बुजवलेली फाट या सर्व गोष्टी येथे उघड होतात. डिंक किंवा पट्टी लावलेली जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसते, पातळ झालेली जागा उजळ दिसते. काही देशांत बँकाच नोटांची बंडले स्टेपल करत असत, त्यामुळे न वापरलेल्या नोटेलाही छिद्रे असू शकतात. ती प्रतीसोबत स्वतंत्रपणे लिहावीत, लपवू नयेत.

शेवटी समास आणि छपाईचे केंद्र पाहावे, डाग, लिखाण, शिक्के, गंजाच्या खुणा तपासाव्यात आणि नोट नाकाजवळ नेऊन वासही घ्यावा. बुरशीचा कुबट वास आला तर ती नोट इतरांपासून दूर ठेवावी. साबणाचा किंवा रसायनाचा वास आला तर काय झाले असेल याचा विचार पुढे ‘सुधारलेल्या नोटा’ या भागात केला आहे.

प्रतींची शिडी

आंतरराष्ट्रीय बँकनोट संस्था १९६१ साली स्थापन झाली आणि तिने मांडलेल्या प्रती आज बहुतेक संग्राहक वापरतात. अनसर्क्युलेटेड म्हणजे कोरी करकरीत नोट. घडी नाही, डाग नाही, कोपरे काटकोनात. येथे दया दाखवायची नसते, कारण एक हलकी मध्यघडीही नोटेला या पायरीवरून उतरवते. त्याखालची अबाउट अनसर्क्युलेटेड ही प्रत सर्वांत अधिक वादाची आहे. या नोटेला एकतर कोपऱ्यावर मोजणीची खूण असू शकते किंवा मध्यावर एक हलकी घडी, परंतु दोन्ही नाहीत, आणि पक्की घडी तर अजिबात नाही. विक्रेते या प्रतीच्या नोटांना वरची प्रत लावण्याचा मोह अनेकदा आवरू शकत नाहीत. म्हणून अनसर्क्युलेटेड असे लिहिलेल्या नोटेची मध्यरेषा सर्वांत आधी तिरप्या प्रकाशात पाहावी.

एक्स्ट्रीमली फाइन नोटेला जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या किंवा एक पक्की घडी चालते. कागद स्वच्छ आणि चमकदार असतो, कोपऱ्यांना गोलाईचा केवळ भास होतो. व्हेरी फाइनमध्ये उभ्या आणि आडव्या अशा अनेक घड्या असतात, थोडा मळ असतो, परंतु कागदात ताठरपणा शिल्लक असतो आणि चीर समासापर्यंतही पोहोचलेली नसते. या दोन प्रतींमधला फरक सांगताना मी घड्यांच्या संख्येपेक्षा कागदाच्या ताठरपणाला अधिक महत्त्व देतो. नोट एका कडेने धरली असता ती आडवी ताठ राहते की मान टाकते, हे पाहिले की शंका बरीच फिटते.

फाइन म्हणजे भरपूर वापरलेली, घड्या आणि सुरकुत्यांनी भरलेली, काहीशी मऊ पडलेली नोट. समासात लहान चिरा चालतात, पण त्या चित्रात शिरलेल्या नसाव्यात आणि मध्ये भोक नसावे. व्हेरी गुडमध्ये चिरा चित्रापर्यंत जातात, मध्यभोक असू शकते, कागद ढिला पडतो, मात्र तुकडा गेलेला नसतो. गुड, फेअर आणि पुअर या त्याखालच्या प्रती आहेत. त्या नावांमुळे नवख्याची फसगत होते, कारण गुड ही प्रत्यक्षात पार झिजलेली, मळकट नोट असते. अत्यंत दुर्मीळ नोट असल्याशिवाय या तीन प्रती घेऊ नयेत.

पॉलिमरच्या नोटांना वेगळी नजर लागते. ऑस्ट्रेलियाने १९८८ साली पहिली आधुनिक पॉलिमर नोट काढली आणि त्यानंतर अनेक देश त्या वाटेने गेले. या नोटेत तंतू नसल्याने ती मऊ पडत नाही, डाग शोषत नाही, आणि त्यामुळे वरवर पाहता जवळजवळ सगळ्याच नव्या वाटतात. तिचा वापर शाईच्या झिजेत दिसतो. घडीच्या रेघेवर आणि कोपऱ्यांवर शाई आधी उडते. पृष्ठभागावरील बारीक ओरखडे आणि पारदर्शक खिडकीवरील चरे दहापट भिंगातून पाहावेत. उष्णतेने पॉलिमर आक्रसते, म्हणून तिची घडी काढण्याचा विचारही करू नये.

गुणांकन करणाऱ्या संस्था

अमेरिकी नाण्यांसाठी १९४९ साली मांडलेली १ ते ७० गुणांची पट्टी पुढे नोटांनाही लागू झाली. २००५ साली सुरू झालेल्या पीएमजी (पेपर मनी गॅरंटी) सारख्या संस्था नोट तपासून, तिला गुण देऊन, सीलबंद पारदर्शक वेष्टनात परत करतात. ढोबळ मानाने ६० ते ७० गुण अनसर्क्युलेटेडला, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेडला, ४० आणि ४५ एक्स्ट्रीमली फाइनला, २० ते ३५ व्हेरी फाइनला आणि १२ व १५ फाइनला असतात. ७० गुणांच्या नोटेवर पाचपट भिंगातूनही हाताळणीची खूण दिसता कामा नये. साठीच्या वर घडीचा प्रश्नच नसतो. तेथे ६४ आणि ६६ यांतला फरक मुख्यत्वे समास किती सारखे आहेत आणि हाताळणीच्या बारीक खुणा किती आहेत यावर ठरतो.

गुणांच्या आकड्याइतकेच त्याशेजारचे अक्षर वाचावे. पीएमजी ईपीक्यू (एक्सेप्शनल पेपर क्वालिटी) हे अक्षरचिन्ह मूळ कागद अबाधित असलेल्या नोटेलाच देते आणि ६५ वा त्याहून अधिक गुण मिळण्यासाठी ते आवश्यक असते. उलट, वेष्टनावर दाबलेली, धुतलेली, दुरुस्त केलेली, असा शेरा असेल तर तो कितीही लहान अक्षरांत असला तरी किमतीवर मोठा परिणाम करतो. वेष्टनावरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्र हातातल्या नोटेशी जुळते का ते पाहावे, कारण बनावट वेष्टनेही आढळली आहेत. स्वतःची नोट पाठवायची की नाही, हा साधा हिशेब आहे. तपासणीचे शुल्क आणि टपालाचा धोका नोटेच्या मूल्याच्या मानाने मोठा असेल, तर पाठवू नये.

सुधारलेल्या नोटा

मळकी नोट धुवावी, घडीवर इस्त्री फिरवावी, चीर पट्टीने जोडावी, असे कोणालाही वाटू शकते. यांतले काहीही करू नये. धुतल्याने मळ जातो, पण त्यासोबत खळही जाते. नोट उजळ तरी निर्जीव दिसू लागते, रंग फिके पडतात आणि साबणाने धुतली असेल तर अतिनील प्रकाशात तिच्यावर निळसर झाक येते. वापराच्या स्पष्ट घड्या आहेत, पण त्या घड्यांत मळ अजिबात नाही, अशी नोट दिसली तर ती धुतलेली असण्याची शक्यता फार मोठी.

दाबून किंवा इस्त्रीने सपाट केल्यावर घडीची रेघ पुसट होते, मात्र तुटलेले तंतू जुळत नाहीत. खालून प्रकाश दिला की रेघ पुन्हा दिसते. त्याहून मोठे नुकसान छपाईचे होते. खोदीव छपाईचा उंचवटा आणि अनुक्रमांक छापताना कागदावर बसलेला ठसा, दोन्ही चपटे होतात. अस्सल कोऱ्या नोटेवर बोट फिरवायची सवय असेल तर हा सपाटपणा लगेच जाणवतो. चिकटपट्टीतील डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात झिरपतो आणि तो डाग कायमचा असतो. फार मोलाच्या नोटेचे खरोखर नुकसान होत असेल, तर कागद जतन करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे जावे आणि झालेले काम नोंदवहीत लिहून ठेवावे. ते न सांगता नोट विकणे ही सरळ फसवणूक आहे.

साठवण

कागदाचे खरे शत्रू पीव्हीसी, आर्द्रता, प्रकाश आणि किडे हे आहेत. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतले तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर येते, त्यातून आम्लही सुटते, पिशवी चिकट होते आणि शाई तिला लागते. नव्या प्लास्टिकचा उग्र वास येणारी पिशवी वापरू नये. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलार या नावाने ओळखली जाणारी, वेष्टने सर्वांत चांगली. पॉलिप्रॉपिलीनचीही चालतात. वेष्टन नोटेपेक्षा सर्व बाजूंनी थोडे मोठे असावे. नोट आत सरकवताना ती आम्लविरहित जाड कागदाच्या पट्टीवर ठेवून पट्टीसह आत न्यावी आणि मग पट्टी काढून घ्यावी, म्हणजे कोपरा दुमडत नाही. कोपऱ्यांवरच्या कित्येक नव्या घड्या नोट वेष्टनात घालताना पडतात, हे लक्षात ठेवून हे काम निवांत वेळीच करावे.

खोलीची सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहावी. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची आहे, कारण आर्द्रता वरखाली झाली की कागद फुगतो आणि आक्रसतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण अति कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो, म्हणून आर्द्रतामापक जवळ असावा. तळघर, माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. अल्बम उन्हात किंवा कायम दिव्याखाली उघडा ठेवू नये. रबरबँड, टाचणी, क्लिप आणि लॅमिनेशन यांना संग्रहात जागा नाही.

नोंदवही आणि खरेदी

प्रत्येक नोटेसाठी सूची क्रमांक, अनुक्रमांक, सही, मोजलेले माप, घड्यांची संख्या आणि जागा, छिद्रे व डाग, आपण ठरवलेली प्रत, विक्रेत्याने सांगितलेली प्रत, किंमत, दिनांक आणि ती कोणाकडून आली हे सर्व लिहावे. आपली प्रत विक्रेत्याचा शब्द पाहण्याआधी लिहावी. काही महिन्यांनी तीच नोट जुनी नोंद न पाहता पुन्हा तपासावी आणि दोन निकाल ताडून पाहावेत. आपली नजर सैल झाली आहे की अति कडक, हे यातून कळते. नोटेचे चित्र घेताना संगणकाने नकार दिला तर गोंधळू नये. अनेक आधुनिक नोटांवर पाच लहान वर्तुळांची एक ठरावीक मांडणी असते आणि प्रतिमा हाताळणाऱ्या काही प्रणाली चलन ओळखून थांबतात. चलनाच्या रंगीत प्रतिमा छापण्यावर, तसेच जुन्या नोटा देशाबाहेर नेण्या-आणण्यावर अनेक ठिकाणी कायद्याची बंधने आहेत, ती आधी वाचून घ्यावीत.

चित्र पाहून खरेदी करताना एक गोष्ट विसरू नये. स्कॅनरचा प्रकाश सरळ पडतो आणि काच नोटेला सपाट दाबते, म्हणून स्कॅन केलेल्या चित्रात हलकी घडी दिसतच नाही. विक्रेत्याकडे तिरप्या प्रकाशातले दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि प्रकाशासमोर धरलेले एक छायाचित्र मागावे. टाळाटाळ झाली तर ती नोट एक प्रत खालची समजूनच भाव करावा. परत घेण्याची अट लेखी ठरवावी आणि नोट हातात आल्यावर त्याच दिवशी वर दिलेल्या क्रमाने तपासावी.

घेतलेली नोट थेट अल्बममध्ये जाऊ नये. काही दिवस ती स्वतंत्र वेष्टनात ठेवून कसर, बुरशी किंवा ओलेपणा नाही याची खात्री करावी. सबंध संग्रह वर्षातून निदान दोनदा पान न् पान पाहावा, वेष्टन चिकट किंवा धूसर झाले असेल तर बदलावे आणि नोटेवर नवा ठिपका दिसल्यास त्याची जागा दिनांकासह नोंदवहीत लिहावी, म्हणजे पुढच्या तपासणीत तो वाढला की नाही हे सांगता येते.